केतकीच्या लग्नातला अंतरपाट

माझी भाची केतकी हिच्या लग्नात धरलेला अंतरपाट अजून खाली आलेला नाही. येत्या मार्गशीर्षात या गोष्टीला सहा वर्षं पूर्ण होतील.

कापड साधंच आहे. पांढरं, सुती, मधे कुंकवाचं स्वस्तिक. रुंदी चार फूट दोन इंच. वरची कड जमिनीपासून सहा फूट एक इंचावर, खालची गुडघ्याच्या जरा वर. ही मापं मी स्वतः टेप लावून घेतली. भूमी अभिलेख कार्यालयात मी एकतीस वर्षं मोजणीचं काम केलं, त्यामुळे अंदाजपंचे बोलायची मला सवय नाही. केतकी आणि तिचा नवरा निनाद एकमेकांना दिसतील अशा जागी आले, की हे कापड दोघांच्या बरोबर मधोमध उभं राहतं. कुणी धरावं लागत नाही. एक जण डावीकडे सरकला की तेही सरकतं, वाकला की तेही वाकतं. दोघांपैकी एक जण लांब गेला, की कापडाची आपोआप घडी होते आणि ती घरी कपाटावर जाऊन बसते. घडी व्यवस्थित असते, चुण्या पडत नाहीत.

यात कापडाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचं एक टोक मी धरलं होतं.

लग्नाच्या आठ दिवस आधी माझी धाकटी बहीण शकू, म्हणजे केतकीची आई, न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. मेहुणे केतकी कॉलेजात असतानाच गेले होते, त्यामुळे एकुलत्या एका मुलीच्या लग्नात बापही नाही आणि आईही नाही अशी वेळ आली. तारीख पुढं ढकलू म्हटलं, तर शकूच नको म्हणाली. लग्नाच्या आदल्या दिवशी दवाखान्यात तिला भेटायला गेलो, तेव्हा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "दादा, तू आहेस ना तिथं. तू नीट बघ. तू बघितलंस की मी बघितल्यासारखंच आहे."

मी तिचं म्हणणं फार मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी अंतरपाटाचं एक टोक उजव्या हातात धरलं आणि डाव्या हातात मोबाईल घेऊन सगळं चित्रीकरण करायला सुरुवात केली. शकूनं मला बघ म्हणून सांगितलं होतं, चित्रीकरण कर म्हणून नव्हतं. हा फरक तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही.

समोरचं टोक वाळिंबे गुरुजींच्या हातात होतं. त्यांच्याही दुसऱ्या हातात मोबाईल होता, कारण मंगलाष्टका ते त्यावरच वाचतात. अक्षरं मोठी करता येतात. हॉलमध्ये चारशे बारा माणसं होती. सगळ्यांनी हात वर करून मोबाईल धरले होते. त्या लग्नात अक्षता फार कमी पडल्या. मोबाईलला हात गुंतल्यामुळे लोकांनी त्या खिशातच ठेवल्या. माझ्याही कोटाच्या खिशात राहिल्या.

गुरुजी 'सावधान' म्हणाले. वाजंत्री वाजली. गुरुजींनी टोक सोडलं, मी टोक सोडलं. अंतरपाट जागचा हलला नाही.

हे हॉलमधल्या कुणालाच समजलं नाही, कारण मोबाईलच्या पडद्यावर तो खाली आला होता. माझ्या चित्रीकरणात तो खाली येताना स्वच्छ दिसतो. इतरांच्यातही दिसतो, मी पुढं साठ-सत्तर जणांकडून मागवून तपासलं. कोणत्याही चित्रीकरणात तो वर राहिलेला नाही. फक्त प्रत्यक्षात राहिला. केतकीनं अंदाजानं कापडावरून हार पलीकडे टाकला, निनादनं त्याचा अलीकडे टाकला. दोन्ही हार बरोबर गळ्यात पडले. लोकांनी जमेल तशा टाळ्याही वाजवल्या.

पंगतीच्या वेळी केतकी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मामा, अंतरपाट तसाच आहे."

मी मोबाईल पुढं करून म्हणालो, "अगं, ह्यात तर किती छान आलाय बघ."

हे वाक्य मी बोललो. मला नीट आठवतं.

पुढच्या आठवड्यात लग्नाची नोंद करायला आम्ही तालुक्याच्या कार्यालयात गेलो. तिथं ढोबळे मॅडम म्हणून एक बाई आहेत. त्यांनी कागद तपासले, फोटो तपासले आणि माझं चित्रीकरण दोनदा पाहिलं.

"अंतरपाट खाली आलेला दिसतोय," त्या म्हणाल्या.

"प्रत्यक्षात नाही आला, मॅडम."

"पुरावा?"

"कापड इथंच आहे. तुमच्या टेबलावर निम्मं आलंय."

मॅडमनी कापडाखालून आपला चहाचा कप काढून घेतला आणि फाईल बाजूला सरकवली. "हे बघा, तुमच्याकडे फक्त कापड आहे. तो खाली आल्याचा पुरावा चारशे लोकांकडे आहे. आलेला अंतरपाट आला नाही असं मला लिहिता येणार नाही. आणि जो आलेलाच आहे तो खाली आणून द्या, असा अर्जही घेता येणार नाही."

त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. केतकीनं कापडाच्या अलीकडे सही केली, निनादनं पलीकडे. दाखला त्याच दिवशी मिळाला.

खरं सांगायचं तर पहिली चार-पाच वर्षं अंतरपाटाचं कुणालाच काही वाटलं नाही. साताऱ्यात त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. संध्याकाळी दोघं कामावरून आले की सोफ्याच्या दोन टोकांना बसत, मधे कापड, आणि दोघं आपापला मोबाईल बघत. जेवताना मीठ हवं असेल तर निनाद 'मीठ' असा मेसेज टाकायचा आणि केतकी कापडाखालून मिठाचा सट सरकवायची. तो अंगठ्याचं चिन्ह पाठवायचा. एकमेकांचा चेहरा बघावासा वाटला तर व्हिडिओ कॉल लावत. मोबाईलमध्ये अंतरपाट येत नाही. निनादच्या घरचे म्हणाले, दिसतंय ना एकमेकांचं तोंड, मग झालं तर. त्यांच्या शेजारी कबाडे म्हणून जोडपं आहे. ते चार वेळा जेवून गेले. पाचव्या वेळी कबाडेवहिनींनी विचारलं, "अय्या, हा पडदा नवीन का?"

मी तरी काय वेगळा होतो! महिन्यातून एकदा जायचो, दोन तास बसायचो, मोबाईलवर आलेलं त्यांना वाचून दाखवायचो आणि परत यायचो. एकदा तर मी त्या अंतरपाटाला चष्मा पुसला.

या श्रावणात केतकी एकटीच माझ्याकडे आली. येते म्हणून कळवलंही नव्हतं. समोर बसली आणि म्हणाली, "मामा, तो मोबाईल जरा खाली ठेव."

मी ठेवला.

"पालथा ठेव."

तसा ठेवला.

"निनाद पुढच्या गुरुवारी मस्कतला चाललाय. तीन वर्षांसाठी."

"चांगलं आहे की," मी म्हणालो. "हल्ली लांब असलं तरी काही वाटत नाही. रोज व्हिडिओ कॉल…"

"मामा, मी त्याला अजून बघितलेलं नाही."

मोबाईलकडे जाणारा हात मी मागे घेतला.

"लग्नाआधी दोनदा भेटलो," ती म्हणाली. "दोन्ही वेळी काय बोलावं सुचत नव्हतं, म्हणून दोघंही मोबाईलमध्ये डोकं घालून बसलो होतो. म्हटलं, आता आयुष्य पडलंय बघायला. मग हा अंतरपाट. फोनवर तो सारखा हसत असतो. कापडाच्या पलीकडे असतो तेव्हा मात्र हसल्यासारखं वाटत नाही. कधी कधी नुसता श्वास ऐकू येतो. मला एकदा बघायचंय की पलीकडे कोण आहे. एकदाच. मग जाऊ दे त्याला."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी आईकडे येऊन राहीन. तीन वर्षांनी तो परत आला तरी त्या कापडाशी पुन्हा संसार माझ्याच्यानं नाही व्हायचा."

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. घराचा नकाशा दाखवावा तसं सगळं सांगितलं. मलाच लाज वाटली. सहा वर्षांत मी तिच्याशी एवढा वेळ, मधे काही न येता, बोललो नव्हतो. तिच्या कानाजवळचे दोन केस पांढरे झालेत, हेही मला त्या दिवशी कळलं. पोर छत्तिशीचीसुद्धा नाही.

मी तडक वाळिंबे गुरुजींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माळ्यावरून वडिलांच्या हस्ताक्षरातली एक वही काढली आणि बोटानं ओळ दाखवली.

"पाच जणांनी उघड्या डोळ्यांनी, एक मंगलाष्टक संपेपर्यंत, वधूवरांकडे पाहिलं पाहिजे. मग सुटतो. आमचे वडील लिहून गेलेत."

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?"

"आधी कधी गरजच पडली नाही हो," गुरुजी ओशाळून म्हणाले. "पूर्वी लग्नात लोक बघायचेच. त्यांना दुसरं काम काय असायचं?"

"वधूवरांची नजर यात धरायची का?"

"छे. ते बघतातच. बाकीच्यांनी बघायला हवं."

हे मला पटलं. मोजणीतही हद्द कायम करताना ज्यांचा वाद आहे त्यांची सही पंच म्हणून चालत नाही. पंच बाहेरचे लागतात, आणि ते जागेवर हजर लागतात.

पंच गोळा करण्यात माझं आयुष्य गेलं. बांधावर कोयते घेऊन उभ्या राहिलेल्या भावांच्या मधे मी पंच उभे केले आहेत. पण मिनिटभर दोन माणसांकडे बघायला पाच जण मिळवणं मला फार जड गेलं. हो सगळेच म्हणाले. कशासाठी, कुठं, कधी ते मेसेजवर पाठवा म्हणाले.

रविवारी सकाळी गुरुजींनी काढलेल्या मुहूर्तावर साताऱ्याच्या फ्लॅटवर पहिला प्रयत्न केला. कबाडे, कबाडेवहिनी, निनादचा एक मित्र, गुरुजी आणि मी असे पाच झालो. सगळ्यांचे मोबाईल गोळा करून तांदळाच्या डब्यात घातले आणि वर झाकण लावलं. केतकी आणि निनाद अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे राहिले. आणि तेव्हा एक अडचण निघाली. गुरुजींना मोबाईलशिवाय मंगलाष्टक येईना. पहिली ओळ यायची आणि शेवटचं 'सावधान' यायचं. मधलं सगळं डब्यात.

"पहिलीच ओळ चार वेळा म्हणतो," गुरुजी म्हणाले. "भावना महत्त्वाची."

दोन ओळी बऱ्या गेल्या. अंतरपाट हलला. वरची कड नऊ इंच खाली आली. तिसऱ्या ओळीला आम्ही पाचही जणांनी एकदम मान खाली घातली आणि आपापल्या रिकाम्या तळहाताकडे पाहिलं. का, ते सांगता येत नाही. मीही पाहिलं.

"वाजल्यासारखं वाटलं हो," कबाडे म्हणाले.

अंतरपाट तिथंच थांबला. परत वर मात्र गेला नाही. जेवढा उतरला तेवढा उतरला, अशी त्याची पद्धत दिसली. मी टेप लावून पाहिलं, पाच फूट चार. निनाद कापडाच्या पलीकडून म्हणाला, "मामा, मला तिच्या केसांतला गजरा दिसला. वरचा भाग."

त्यानंतर त्यानं मला फोन केला नाही की मेसेज टाकला नाही. तो माझ्याबरोबर खाली फाटकापर्यंत चालत आला. मी त्याच्याकडे नीट बघितलं. तो हसत नव्हता. "मामा, ती म्हणते मी फोनवर जास्त हसतो," तो म्हणाला. "फोनवर आपला चेहरा आपल्यालाच दिसत असतो हो. तो बरा दिसावा असं वाटतं. कापडाच्या आड तसं काही नसतं." एवढं बोलून तो वर गेला.

राहिला गुरुवार. त्याच दिवशी चारच्या एसटीनं निनाद मुंबईला जाणार होता. यावेळी शकूच्या घरी करायचं ठरलं, कारण तिला जिने चढवत नाहीत. शकू वॉकर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मंगलाष्टक मी म्हणते. मी केलेलं आहे."

"तू कधी केलंस?"

"लग्नाच्या आधी. दोघांची नावं घालून, ह्यांचं नाव घालून. दवाखान्यात पडल्या पडल्या मनात म्हणायचे. म्हणायची वेळ आली नाही, म्हणून राहिलं."

सहा वर्षं ते तिच्याकडे पडून होतं आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं. लग्न कसं झालं ते सांगायलाही मी तिच्यापाशी बसलो नव्हतो. चित्रीकरण पाठवून मोकळा झालो होतो. ते तिनं कधी उघडलंच नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली होती, बघते सावकाश.

कबाड्यांना या खेपेला वगळलं. त्यांची नजर भरवशाची नव्हती. वहिनी आल्या. गुरुजी आले. शकू, मी, असे चार झालो. पाचवं माणूस काही केल्या मिळेना. शेवटी मी ढोबळे मॅडमकडे गेलो. त्या अर्धी रजा टाकून आल्या.

दारातच त्यांनी सांगितलं, "मी अधिकृतपणे आलेले नाही. कार्यालयाच्या दृष्टीनं अंतरपाट खालीच आहे. पण माझ्या चहाच्या कपावर आला होता, ते मी विसरलेले नाही."

मुहूर्त बारा सव्वीसचा होता. गुरुजी म्हणाले, एकदा चुकलंय, आता मिनिट चुकवायचं नाही. मोबाईल डब्यात घालताना लक्षात आलं की वेळ कुणी सांगायची? शकूच्या भिंतीवरचं घड्याळ साडेनऊवर बंद पडलं होतं. केव्हा बंद पडलं हे तिलाही माहीत नव्हतं. मनगटावर घड्याळ कुणाच्याच नाही. एक मोबाईल बाहेर ठेवणं भाग होतं.

"मामांचा ठेवा," कबाडेवहिनी म्हणाल्या. "ते जबाबदार माणूस आहेत."

सगळ्यांचं एकमत झालं. केतकीनं माझ्याकडे पाहिलं.

मी लग्नातलाच कोट घातला होता. बारा सव्वीस झाले तसं "झाली वेळ" म्हणालो आणि मोबाईल कोटाच्या खिशात ठेवून दिला. हे मी सगळ्यांदेखत केलं.

केतकी आणि निनाद उभे राहिले. दोघं उंचीनं सारखेच आहेत, साडेपाच फुटांच्या आसपास. शकूनं वॉकर घट्ट धरला आणि गायला लागली. आवाज थरथरत होता, पण सूर पक्का होता. पहिल्या ओळीत तिनं कुलदैवत घातलं होतं, दुसऱ्या ओळीत मेहुण्यांचं नाव होतं. त्या नावापाशी ती थांबली, श्वास घेतला आणि पुढं गेली. आम्ही पाचही जण त्या दोघांकडे बघत होतो. ढोबळे मॅडम तर पापणीही लवू देत नव्हत्या.

अंतरपाट उतरायला लागला. पाच फूट तीन, पाच फूट दोन. दोघांचे केस दिसले. मग कपाळं दिसली. केतकीच्या कपाळावर घामाचे थेंब होते. तिसरी ओळ सुरू झाली तेव्हा कड भुवयांखाली आली आणि त्यांना एकमेकांचे डोळे दिसले.

मी बरीच लग्नं पाहिली आहेत, म्हणजे हजर राहिलो आहे. पण दोन माणसं एकमेकांना पहिल्यांदा बघतात ते मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. निनादचे डोळे भरले होते. ते पुसायला त्यानं हात वर केला नाही. केतकी त्याच्याकडे एकेक खूण टिपून घ्यावी तशी बघत होती. मेहुणे हवे होते. कुणीतरी हे साठवून ठेवायला हवं होतं. हे शकूला पाठवलं पाहिजे, असं माझ्या मनात आलं.

शकू माझ्यापासून चार फुटांवर उभी राहून गात होती.

अक्षता काढाव्यात म्हणून मी कोटाच्या खिशात हात घातला. सहा वर्षांपूर्वीच्या त्या अक्षता खिशाच्या तळाशी होत्या. हाताला आधी मोबाईल लागला.

अंतरपाट थांबला. चौथी ओळ चालू होती. शकू गाता गाता थांबली. आम्ही पंच एकमेकांकडे बघू लागलो, कुणाचं चुकलं म्हणून. गुरुजी वहिनींकडे बघत होते, वहिनी मॅडमकडे. मग हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात मोबाईल होता, समोर धरलेला, आणि पडद्यावर अंतरपाट खाली येत होता.

"दादा," शकू म्हणाली. एवढंच.

मी मोबाईल फेकला. तो दिवाणाखाली गेला. गुरुजींना म्हणालो, पुन्हा म्हणू, शकू, पुन्हा म्हण. गुरुजींनी मान हलवली. मुहूर्त टळला होता. तरीही शकूनं चौथी ओळ पुन्हा म्हणून पाहिली, आम्ही पाचही जणांनी डोळे ताणून बघितलं, पण कापड तसूभर हललं नाही.

टेप लावायचं धाडस मला झालं नाही. ढोबळे मॅडमनी लावला. चार फूट अकरा. दोघांना एकमेकांचे डोळे दिसत होते आणि नाकाचा शेंडा जेमतेम. त्याखाली कापड होतं.

एसटी स्टँडवर मीही गेलो होतो. निनाद खिडकीपाशी बसला, केतकी खाली उभी होती, आणि अंतरपाट खिडकीला लागून नाकापर्यंत उभा होता. दोघं एकमेकांकडे बघत होते. कंडक्टरनं कापडाच्या बाजूनं वळसा घालून घंटी दिली. गाडी वळणावर गेली तसं कापड नाहीसं झालं. साताऱ्याला कपाटावर गेलं असणार. लगेच केतकीचा फोन वाजला. तिनं तो उचलला आणि पडदा माझ्याही नजरेस पडला. निनादचा चेहरा पूर्ण दिसत होता. तो हसत होता.

"निघालो गं," तो म्हणाला.

"डोळे पूस आधी," केतकी म्हणाली, आणि फोन पर्समध्ये टाकला.

आम्ही दोघं चालत शकूच्या घराकडे निघालो. वाटेत मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे मामा. त्याच्या डाव्या भुवईत एक खाच आहे. लहानपणी पडला असेल. फोनवर कधी दिसली नाही."

"मग तू इकडं येणार का राहायला?"

"नाही. साताऱ्यालाच राहते. घडी कपाटावर आहे, तिच्यापाशी कुणीतरी हवं. तीन वर्षांनी तो आला की उरलेला उतरवू. आईचं मंगलाष्टक मी पाठ करून घेतेय."

मला बरं वाटलं. मी म्हणालो, "तेव्हा मी घड्याळ आणीन. चावीचं."

ती चालता चालता थांबली. मग माझ्या कोटाच्या बाहीला लागलेला धुरळा तिनं हातानं झटकला आणि अगदी मायेनं म्हणाली, "मामा, तेव्हा तू नको येऊस."

मी बरं म्हणालो.

आता मी दर रविवारी शकूकडे जातो. मोबाईल घरी ठेवतो. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करून घेतलं आहे. आम्ही समोरासमोर बसतो आणि ती बोलते. अक्षता अजून कोटाच्या खिशातच आहेत.

त्या गुरुवारचं चित्रीकरण माझ्याकडे आहे. अकरा सेकंदांचं आहे. त्यात अंतरपाट पूर्ण खाली आलेला आहे, आणि केतकी आणि निनाद एकमेकांकडे बघून हसताना स्पष्ट दिसतात. मी ते त्याच संध्याकाळी शकूला पाठवलं. तिनं अजून उघडलेलं नाही.